बावीस मीटर वायर

आधीच कबूल करते. आमच्या सोसायटीत इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगला पहिला नकार मी दिला. आज माझीच गाडी खाली चार्जिंगला लावलेली आहे, तेव्हा हे लिहिणं भाग आहे.

२०१८ ते २०२३ मी सेक्रेटरी होते. सोसायटी कोथरूडमधली, १९९६ ची, दोन विंग मिळून अठ्ठावीस फ्लॅट, खाली स्टिल्ट पार्किंग. लिफ्ट फक्त बी विंगला, त्यामुळे ए विंगवाले कायम रागावलेले. मी त्याच्या आधी एकतीस वर्षं बँकेत काढलेली. बँकेने मला दोन गोष्टी शिकवल्या: हिशोब पैशापर्यंत जुळला पाहिजे, आणि निर्णय घ्यायचा नसेल तर समोरच्याला म्हणायचं, ‘लेखी द्या’.

जानेवारी २०२२ मध्ये बी विंगमधला मुलगा आला. मुलगा म्हणजे पस्तिशीचा बाप्या, पण दहावीचे पेढे द्यायला आलेला पाहिलाय म्हणून माझ्या लेखी मुलगाच. नवीन इलेक्ट्रिक गाडी बुक केली होती. हातात केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांची प्रिंट, त्याच महिन्यात निघालेली. एक ओळ पिवळ्या पेनाने रंगवून आणली होती. राहत्या घरी, आहे त्याच वीजजोडणीवरून आपली गाडी चार्ज करता येईल, असा त्या ओळीचा अर्थ.

‘काकू, म्हणजे परवानगीचा प्रश्नच नाही. माझ्या मीटरवरून माझ्या पार्किंगपर्यंत वायर टाकायची. खर्च माझा.’

‘अरे, पण वायर जाणार कुठून?’

तो गप्प झाला. मला वाटलं, जिंकले. आता कळतं, मी अगदी बरोबर प्रश्न विचारला होता आणि उत्तर शोधायची तसदी मात्र घेतली नव्हती. मीटर त्याचा, पार्किंग त्याचं. पण दोघांच्या मध्ये जी भिंत, जो बीम आणि छताचा जो भाग येतो तो अठ्ठावीस जणांचा. बंगलेवाल्याला हा प्रश्न पडतच नाही. तो पोर्चमध्ये पॉवर प्लग काढतो आणि झोपतो. आमच्याकडे वीज असते, पैसे असतात, गाडीही दारात असते, आणि सगळं अडतं ते मधल्या वीस-बावीस मीटरवर.

मी त्याला म्हटलं, सर्वसाधारण सभेत ठेवू.

सभा सप्टेंबरात. नेहमीप्रमाणे कोरम नव्हता, अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा सुरू केली. विषय क्रमांक सात. तोवर बटाटेवडे येऊन गार झाले होते. कुणी म्हणालं, आग लागेल, व्हॉट्सॅपवर व्हिडिओ आहे. कुणी म्हणालं, लाइट गेल्यावर जनरेटरवर गाडी चार्ज होणार आणि डिझेल आपण भरणार. (आमच्या जनरेटरवर लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांशिवाय काहीही नाही, पण हे त्या क्षणी मलाही सुचलं नाही.) तळमजल्यावरच्या आजोबांना काळजी, की त्यांच्या खिडकीवरून वायर गेली तर ग्रिलला करंट उतरेल. एका गृहस्थांनी कायदा काढला: सोसायटीला वीज विकायचा परवाना नाही. आता, तो मुलगा स्वतःच्या मीटरची वीज वापरणार होता, त्यात विक्री कुठून आली? आणि सोसायटीने स्वतःचा चार्जर बसवून पैसे घेतले तरीही ती विक्री नाही, चार्जिंग ही सेवा आहे, हा खुलासा केंद्राने एप्रिल २०१८ मध्येच केलेला आहे. हे मला फार नंतर कळलं. सेक्रेटरीला आधी माहीत असायला हवं होतं.

एकच आक्षेप शहाणपणाचा होता: आज याला दिलं, उद्या अठ्ठावीस जणांनी मागितलं तर? त्यावर कुणीही काही बोललं नाही, कारण वडे संपत आले होते. विषय ‘पुढील सभेत विचारार्थ’.

त्या सभेचा सूर असा का होता, त्यालाही इतिहास आहे. वर्षभर आधी कॉमन मीटरचं बिल वाढलेलं दिसलं. शोध घेतला तर वॉचमनच्या केबिनमधल्या पंख्याच्या प्लगवर एका सभासदाची इलेक्ट्रिक स्कूटर रात्रभर चार्ज होत होती. कमिटीची मीटिंग दीड तास चालली. ‘चोरी’ हा शब्द मिनिट्समध्ये लिहायचा की नाही यावर अर्धा तास. मी घरी येऊन हिशोब केला. स्कूटरची बॅटरी तीन युनिटांच्या आसपास, थोडं वाया जातं ते धरून पूर्ण चार्जला साडेतीन युनिटं. म्हणजे एका वेळचे तीस-चाळीस रुपये. मीटिंगच्या चहा-बिस्किटांना एकशे ऐंशी झाले होते. पण तेव्हापासून ‘चार्जिंग’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तो केबिनमधला प्लग येई. पुण्यात गाड्यांच्या आधी स्कूटरी आल्या, आणि संशयही त्यांच्याबरोबरच आला.

मुलाने शेवटी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडला. पिवळी वायर, पहिल्या मजल्याच्या तुळशीवरून. मी नोटीस काढली, जावक क्रमांकासकट. नोटीस चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. लोंबकळणाऱ्या एक्स्टेन्शनवर गाडी चार्ज करणं धोक्याचंच. पण सरळ वाट आम्हीच बंद ठेवली होती. त्याने वायर काढली आणि गाडी ऑफिसात चार्ज करू लागला. घरी काही बोलला नाही.

पुढे मी पद सोडलं. २०२४ मध्ये आमची जुनी पेट्रोल गाडी सोळा वर्षांची झाली. पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर, आणि क्लच तर आधीच गेलेला. मुलगी म्हणाली, आई, तू जातेस कुठे? कर्वे रोड, सिंहगड रोडला मावशीकडे, महिन्यातून एकदा तळेगाव. छोटी इलेक्ट्रिक घे. घेतली. टियागो, चोवीस किलोवॅट-तासांची बॅटरी. कंपनी सांगते तेवढी ती पळत नाही. मला एसी लावून गावात एकशे नव्वद-दोनशे किलोमीटर मिळतात, आणि ते पुरून उरतात.

डीलरकडचा मुलगा पार्किंग बघायला आला. टेप लावली. मीटर रूम ए विंगच्या जिन्याखाली, माझं पार्किंग बी विंगच्या टोकाला. बावीस मीटर. ‘होऊन जाईल मॅडम, सोसायटीची एनओसी तेवढी आणा.’

नवीन कमिटीत खजिनदार कोण, ते सांगायला नको.

त्याच्या दारात उभी राहिले तेव्हा मी मनात दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवली होती, माफीसारखी पण माफी नसलेली. त्याने पाणी दिलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि म्हणाला, ‘काकू, लेखी द्या.’ हसला नाही. मीही नाही.

दोन दिवसांनी अर्जाला उत्तर आलं, एका पानाचं. केबल कोणत्या वाटेने जाणार, त्याचं हाताने काढलेलं चित्र जोडा. केबल किती स्क्वेअर एमएमची, म्हणजे तार किती जाड. एमसीबी आणि आरसीसीबी (जादा भार आला किंवा वीज गळली की आपोआप पडणारे स्विच) कुठे बसणार. अर्थिंगचं रीडिंग लायसन्सवाल्या वायरमनकडून घेऊन टेस्ट रिपोर्ट द्या. आणि फ्लॅट विकलात तर केबल काढून भिंत पूर्ववत करण्याची हमी. मी ते पान टेबलावर ठेवून बराच वेळ बघत बसले. २०२२ मध्ये मी त्याला विचारायला हवे होते ते हेच प्रश्न. पाचच. यात आगीचा व्हिडिओ आणि ग्रिलचा करंट दोन्हीही आले.

आता अर्थिंगची गोष्ट. ही जरा सविस्तर सांगते, कारण जुन्या इमारतीत सगळे इथेच अडकतात.

गाडीबरोबर जो पोर्टेबल चार्जर येतो, तो पंधरा अँपिअरच्या पॉवर प्लगला लागतो. पण तो आधी अर्थिंग तपासतो. बरोबर नसेल तर लाल दिवा, आणि गाडी एक युनिटही घेत नाही. फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन असे नखरे करत नाहीत, निमूटपणे चालतात. त्यामुळे इमारतीचं अर्थिंग गेलंय हे वर्षानुवर्षं कुणालाच कळत नाही. आमचे वायरमन वयस्कर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी मीटर रूममध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये मीटर धरला. एकोणीस व्होल्ट. दोन-तीनच्या वर असता कामा नये म्हणाले.

‘अर्थिंगचा खड्डा कुठाय तुमचा?’

कुणालाच माहीत नव्हतं. जुना नकाशा काढला. खड्डा मीटर रूमच्या मागे, कुंपणाजवळ दाखवलेला. तिथे आता पेव्हर ब्लॉक. पेव्हर ब्लॉक कुणी बसवले? २०१९ मध्ये, तीन कोटेशनं मागवून, सगळ्यात स्वस्त कंत्राटदाराकडून, तत्कालीन सेक्रेटरींनी. म्हणजे मी. खड्ड्याचं झाकण, पाणी घालायची नळी, सगळं त्याखाली गाडलेलं. खड्डा ओला राहिला तरच अर्थिंग नीट चालतं, आणि पाच वर्षं त्या खड्ड्यात पाण्याचा थेंब गेला नव्हता. आणि मला आठवलं, ए विंगमधल्या एक बाई मधल्या काळात दोनदा सांगून गेल्या होत्या, की बाथरूमच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. मी त्यांना हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं होतं.

ब्लॉक उचकटले. नवा खड्डा खणला, आठ फूट. जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर चेंबर आणि झाकण. मामांनी झाकणावर लाल रंगाने ‘अर्थ’ लिहिलं, कुणी पुन्हा गाडू नये म्हणून. ते लिहिताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही हा त्यांचा चांगुलपणा. खर्च सोसायटीने केला, कारण तो सगळ्यांच्याच गीझरचा प्रश्न होता. माझी गाडी आली नसती तर कळलंही नसतं, असं मी सभेत म्हणणार होते. मग पेव्हर ब्लॉक आठवले आणि गप्प बसले.

केबलचा वाद छोटा होता. डीलरचा माणूस अडीच स्क्वेअर एमएम म्हणे, मामा चार म्हणे, खजिनदार म्हणे सहा. अंतर लांब, आणि उद्या सात किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा मोठा चार्जर, बसवावासा वाटला तर पुन्हा भिंतीला हात लावायचा नाही. सहा घेतली. खिडकीवालं टोक आजोबांच्या ग्रिलपासून चार फूट लांबून नेलं. तरीही त्यांनी टेस्टर घेऊन स्वतः ग्रिल तपासलं, आठवडाभर, रोज सकाळी.

सॉकेटबद्दल मात्र मी हट्ट धरला आणि सगळ्यांनाच तो धरायला सांगते. गीझर पंधरा मिनिटं चालतो आणि बंद होतो. गाडी त्याच प्लगमधून तेरा अँपिअरच्या आसपास करंट ओढते, पण आठ-नऊ तास, सलग. दहा टक्क्यांवरून शंभरावर न्यायला माझ्या गाडीला पॉवर प्लगवर पावणेनऊ तास लागतात. एखादा स्क्रू सैल असेल तर गीझरला तो चालून जातो, गाडीला नाही. तिथे गरम होतं, प्लास्टिक तपकिरी पडतं, वास येतो. लोक बॅटरीला घाबरतात आणि शंभर रुपयांच्या सॉकेटकडे बघत नाहीत. मी धातूच्या पेटीतला इंडस्ट्रियल सॉकेट बसवला. पहिला महिनाभर रात्री अकराला खाली जाऊन त्याला हात लावून बघायचे, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात तसा. कोमट असतो. तेवढा असावाच.

पहिल्या पावसाळ्यात दोनदा आरसीसीबी पडला. सकाळी बघावं तर गाडी एक्केचाळीस टक्क्यांवर थांबलेली. मला वाटलं पाणी शिरलं. मामांनी जंक्शन बॉक्स उघडला तर आत पाल. ती जिवंत नव्हती. बॉक्सची भोकं सिलिकॉनने बुजवली. खर्च दीडशे रुपये, आणि मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता बिल. हे मी बँकेतल्या सवयीने वहीत लिहून ठेवलंय. महिन्याला साधारण सहाशे किलोमीटर, त्याला मीटरवर पंच्याऐंशी युनिटांच्या आसपास. आमचं आधीचं बिल एकशे ऐंशी युनिटांच्या घरात, आता दोनशे पासष्ट. लोक इथे चुकतात. ते एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागतात आणि म्हणतात, अमुक रुपयांनी गाडी पळते. पण महावितरणचे टप्पे असतात. शंभर युनिटांपर्यंत एक दर, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, मग त्याच्या वर, आणि प्रत्येक पायरी आधीपेक्षा महाग. पहिली स्वस्त शंभर युनिटं घरातले दिवे-पंखे आधीच खाऊन बसलेले असतात. गाडीच्या पानात पडतात ती शेवटची, महागडी. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. तरीही माझा फरक महिन्याला अकराशे-बाराशे निघतो. जुनी गाडी तेवढ्याच अंतराला पावणेपाच हजारांचं पेट्रोल प्यायची. मे महिन्यात एसी लागतो आणि तीनशेचा उंबरठा ओलांडला जातो, तेव्हा फरक वाढतो. त्या महिन्यात मी मावशीकडे बसने जाते. (खोटं. रिक्षाने.)

फेब्रुवारी २०२४ च्या नियमदुरुस्तीपासून गाडीसाठी वेगळी वीजजोडणीही मागता येते. तिथे ईव्हीचा स्वतंत्र दर असतो, घरगुती टप्पे नाहीत, पण दुसरा मीटर म्हणजे दुसरा स्थिर आकार. ज्याचं फिरणं फार, त्याने ते गणित जरूर करावं. खजिनदाराने केलं, तो रोज हिंजवडीला जातो. माझ्यासारखीला घरचाच मीटर बरा. स्वतःच्या घरच्या जोडणीवर स्वतःची गाडी लावली तर दर घरगुतीच लागतो. आणि २०२५ च्या जुलैपासून नव्या टीओडी मीटरवाल्यांना (हा मीटर कोणत्या वेळी किती वीज वापरली ते वेगळं मोजतो) सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत सवलत मिळू लागली. सगळीकडे सांगतात गाडी रात्री चार्ज करा, आणि आमच्याकडे स्वस्त वीज भर दुपारी. नोकरदार हळहळतात. आम्हा निवृत्तांची चंगळ.

राहिला तो शहाणा आक्षेप: अठ्ठावीस जणांनी मागितलं तर? मला तो तीन वर्षं टोचत होता. मामांना मी मे महिन्यात टाँग टेस्टर (केबलभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) घेऊन बोलावलं. रात्री साडेनऊला, सगळ्यांचे एसी आणि टीव्ही चालू असताना, मुख्य केबलच्या तिन्ही फेजवर रीडिंग घेतलं. मग पहाटे अडीचला पुन्हा. मामा कुरकुरत आले, थर्मासमधला चहा पिऊन गेले. पहाटेचं रीडिंग रात्रीच्या निम्म्याहून कमी होतं. अठ्ठावीस गाड्या एकाच वेळी पॉवर प्लगवर लागल्या तर चौऱ्याऐंशी किलोवॅट होतात, आणि ते आमच्या केबलला झेपणार नाही, हे खरंच. पण अठ्ठावीस गाड्या एकाच वेळी रिकाम्या नसतात. माझी आठवड्यातून दोनदा लागते. मामांनी खरा धोका वेगळाच दाखवला: मी आणि खजिनदार, दोघांचेही मीटर तीनपैकी एकाच, आर फेजवर. तिसराही तिथेच आला तर एकाच फेजवर भार आणि बाकीच्या दोन मोकळ्या. आता अर्जात फेज लिहावी लागते. आणि सहा गाड्या झाल्यावर लोड वाढवून घेण्यासाठी पैसे बाजूला ठेवायचे, असा ठराव झालाय. आज चार आहेत.

मध्ये कमिटीत टूम निघाली होती की एकच सामाईक चार्जर बसवू, सगळ्यांनी पाळीपाळीने वापरावा. मी विरोध केला. ज्या सोसायटीत इस्त्रीवाल्याच्या टेबलावरून भांडणं होतात तिथे चार्ज झालेली गाडी रात्री दोनला कोण हलवणार? गाडी जिथे झोपते तिथेच तिचं चार्जिंग हवं. ज्यांना स्टिल्टमध्ये जागा नाही, कंपाउंडलगत उघड्यावर गाडी लावतात, त्यांचं काय, यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. नव्या इमारतींना हा ताप नाही. केंद्राच्या आदर्श इमारत नियमावलीत २०१९ मध्ये वीस टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय धरायला सांगितलंय. १९९६ च्या इमारतीचं पोट फाडायचं तर आधी सभा घ्यावी लागते.

सध्याचा विषय गच्चीवरचं सोलर. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे आणि त्या सोयींत गाड्यांचं चार्जिंगही धरलंय. आमचं दहा किलोवॅटचं कोटेशन आलंय. पापड-कुरडयावाल्या गटाचा विरोध आहे. मी दोन्ही गटांत आहे.

हे लिहिता लिहिता इंटरकॉम वाजला. वॉचमनकाका. ‘मॅडम, गाडीला लाल दिवा लागलाय.’

एप्रिलचा तिसरा आठवडा, बाहेर भाजून निघतंय, आणि दोन रविवार अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचं राहिलंय. या महिन्यात ती पाळी माझी. बादली बाथरूममध्ये भरून ठेवली आहे. खाली जाऊन येते.